सहा महिन्यांचा नियम

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी आणि तिच्या आसपासच्या गावांतल्या यच्चयावत मराठी माणसांची लग्नं, बाळंतपणं, पगार, नोकऱ्या गेल्याच्या तारखा आणि नवरा-बायकोच्या फारकती ज्याला तोंडपाठ होत्या, आणि ज्यानं त्यातलं एक अक्षरही कधी कुणापुढे काढलं नाही, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. त्यांना आम्ही टॅक्सकाका म्हणायचो. मूळचे नागपूरचे, पेशानं सिव्हिल इंजिनियर, आणि टॅक्सशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांना तो मनापासून आवडायचा. कुणाला क्रिकेट आवडतं, कुणाला नाट्यसंगीत, तसा काकांना सरकारी फॉर्म. फेब्रुवारी उजाडला की त्यांच्या टाऊनहाऊसमधलं जेवणाचं टेबल जेवणाला बंद व्हायचं ते फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला, पंधरा एप्रिललाच उघडायचं. मधले अडीच महिने ते आणि त्यांची मुलगी मिताली सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवायची. बाहेर मिनेसोटाचा हिवाळा, आणि आत काकांची काटकसर. हीटर एवढाच चालू, की नळ गोठू नयेत. आलेल्या माणसानं बूट काढायचे, कोट मात्र काढायचा नाही. काका स्वतः दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून टेबलाच्या टोकाशी बसायचे आणि टोपीतून नुसते डोळे आणि नाक बाहेर काढून विचारायचे, “हं. काय काय झालं वर्षभरात?” माणूस मग सगळं सांगत सुटायचा. फी म्हणून पैसे दिलेले त्यांना खपायचे नाहीत, घरचा डबा चालायचा. त्यामुळे ते अडीच महिने त्या घरात पैठणपासून पणजीपर्यंतच्या भाज्या यायच्या आणि मिताली नाक मुरडत त्या खायची.

काकांचा माणसाकडे बघायचा डोळाच निराळा होता. लग्नाच्या रिसेप्शनला ते नवरा-नवरीचं अभिनंदन करायचे आणि लगेच लग्नाची तारीख चुकल्याबद्दल हळहळायचे. माझा धाकटा डिसेंबरअखेर व्हायचा होता. दिवाळीच्या फराळाला आलेले काका माझ्या पोटाकडे बघत गंभीरपणे म्हणाले, “डॉक्टरीणबाईशी बोलून पाह्य. एकतीस तारखेच्या आत झालं, तर वर्षभराचं लेकरू धरून सवलत देते सरकार.” आमचे चिरंजीव दोन जानेवारीला जन्मले. संध्याकाळी काका हॉस्पिटलात आले, पाळण्यावर वाकले, बराच वेळ बाळाचं तोंड न्याहाळून मान हलवत म्हणाले, “दोन दिवसांनी चुकलास रे बाप्पा.” माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंना वाटलं, हे कुणी मोठे ज्योतिषी. त्या घाबऱ्या होऊन विचारू लागल्या, “अहो, मग शांत करावी लागेल का?” काकांनी त्यांना धीर दिला, की पुढच्या वर्षापासून काही अडचण नाही, सवलत मिळते. सासूबाई पुण्याला परतेपर्यंत त्या बाळाच्या कानामागे रोज काजळाची तीट लावत होत्या.

पण काकांचा जीव खरा अडकला होता तो एकट्या आयांमध्ये आणि एकट्या बापांमध्ये. नवरा सोडून गेलेली, किंवा बायको वारलेली, पोरं कॉलेजात शिकणारी अशी माणसं ते हुडकून काढायचे. अशांना सरकार ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणतं, म्हणजे कुटुंबप्रमुख, आणि कर बराच कमी घेतं. अट अशी की मूल तुमच्या घरात राहायला हवं. बर्न्सव्हिलच्या एक बाई होत्या, घटस्फोट देऊन नवऱ्यानं टाकलेल्या. कित्येक वर्षं त्या स्वतःला नुसत्या ‘सिंगल’ लिहीत होत्या. काकांनी विचारलं, “मुलगा कुठं राहते?”

“डलूथला. हॉस्टेलवर आहे, कॉलेजला.”

“चूक. घरी राहते.”

“नाही हो काका, तो थँक्सगिव्हिंगलाच येतो फक्त.”

“शिकायला गेलेलं लेकरू घरीच असते, बाई. तात्पुरतं बाहेर आहे म्हणते सरकार. त्याची खोली आहे ना घरात? मग तो घरीच आहे.” असं म्हणून काकांनी सरकारी पुस्तिका उघडून ती ओळ बोटानं दाखवली. बाई ओळ वाचता वाचता रडायला लागल्या. मी तेव्हा डबा घेऊन गेले होते, स्वयंपाकघरात उभी होते. काकांना वाटलं त्या पैशांसाठी रडतायत, म्हणून ते मागच्या तीन वर्षांचे फॉर्म कसे दुरुस्त करता येतील हे सांगत राहिले. पण ते पैशांचं नव्हतं. आपला मुलगा घरीच आहे, असं इतक्या वर्षांत त्या बाईंना कुणी म्हणालंच नव्हतं.

आता हे सांगणारे काका स्वतःच एकटे बाप होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकू डॉक्टर. लग्न करून अमेरिकेत आल्या आणि इथल्या परीक्षांपायी आणि त्यानंतर कुठल्याच हॉस्पिटलात जागा न मिळाल्यापायी पंधरा वर्षं स्वयंपाकघरात बसून राहिल्या. आई आजारी म्हणून नागपूरला गेल्या. आई वारली, आणि काकूंनी वडिलांचा बंद पडलेला दवाखाना उघडला, तो पुन्हा बंद केलाच नाही. मिताली तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळा अर्ध्यावर सोडून तिला कुठे हलवा, म्हणून ती इथेच राहिली. भांडणाचा आवाज कुणी ऐकला नाही. घटस्फोट तर झालाच नाही. काकू गेल्या त्या गेल्या, एवढंच.

काका मात्र काकू बाजारातून भाजी आणायला गेल्यासारखं बोलायचे. “हिनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.” “हिला हा रंग आवडला असता.” आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला ते स्वतः नागपूरकडची, कोथिंबीर भरून तळलेली पुडाची वडी करून आणायचे. तेल प्यायलेली, बाहेरून काळी आणि आत कच्ची अशी ती वस्तू पुढे करत सांगायचे, “हिनं फोनवर सांगितली तशीच केली. अगदी तशीच.” आणि आम्ही पंचवीस-तीस शिकलेली माणसं ती वडी चावत, कोथिंबिरीच्या काड्या दातांतून काढत म्हणायचो, “वा! काकूंच्या हाताला चवच आहे.” मी पुण्याची. समोरच्याचं चुकलं की ते त्याला सांगितल्याशिवाय मला रात्री झोप लागत नाही. पण मीही त्या वडीचं दोनदा कौतुक केलं आहे. आम्हाला वाटायचं, आपण किती चांगले वागतोय. आज त्याची लाज वाटते.

एकदा ती पुस्तिका त्यांच्या टेबलावर उघडी होती म्हणून मी चाळली. शिकायला गेलेलं मूल घरीच धरावं, ही ओळ लाल शाईनं ठळक अधोरेखित केली होती. त्याच पानावर, दोन बोटं खाली, दुसरा नियम होता. घरात मूल असेल आणि वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा किंवा बायको घरात राहिली नसेल, तर लग्न मोडलेलं नसलं तरी तुम्हाला अविवाहित धरावं. त्या ओळीखाली शाई नव्हती. आणि बाजूलाच काकांचा स्वतःचा फॉर्म होता. त्यावर ‘विवाहित, पण वेगळा फॉर्म भरणारे’ या रकान्यात खूण होती. सगळ्या रकान्यांत जास्तीत जास्त कर याच रकान्याला. दुसऱ्या कुणी असली खूण केली असती तर काकांनी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. खुणेशेजारी काकूंचं पूर्ण नाव, त्यांच्या त्या सुबक इंजिनियरी अक्षरात. मी पुस्तिका मिटून ठेवली आणि डबा कुठे ठेवू म्हणून विचारलं.

मग दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात काकांची नोकरी गेली. वीस वर्षं पूल आणि कालवे आखलेला माणूस एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे, स्क्रू आणि बर्फ काढायची फावडी विकायला उभा राहिला. दुकानाचा केशरी एप्रन घालून ते मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मीच गडबडले. ते शांतपणे म्हणाले, “या रंगात चांगला दिसून राहिलो की नाही?” मिताली तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची फी भरणं आता काकांच्या आवाक्यात नव्हतं. तिनं सरकारी मदतीसाठी अर्ज केला. त्यात आईवडील ‘विवाहित’ असं लिहिलं होतं, कारण तो अर्जही काकांनीच भरला होता. मार्चमध्ये कॉलेजचं पत्र आलं. पालक विवाहित आहेत, तर आईच्या मिळकतीची कागदपत्रं जोडा. पालक वेगळे राहत असतील, तर तसं लिहून द्या, मग फक्त वडिलांची मिळकत धरू. दोन्हींपैकी एक एप्रिलअखेर हवं, नाहीतर ऑगस्टच्या सत्राची मदत नाही.

मिताली ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. सोफ्याच्या कडेला टेकली, जॅकेटसुद्धा काढलं नाही. “मावशी, यू टॉक टू हिम. इट्स वन बॉक्स. ही जस्ट हॅज टु चेक वन बॉक्स!”

“आईकडून कागद मागव ना मग.”

“आय सेड आय विल ईमेल हर. ही सेड नको, तिला त्रास नको. देन आय सेड, ओके, राइट ‘सेपरेटेड’. ही गॉट अप अँड वेंट टु व्हॅक्यूम द कार.” एवढं बोलून ती रडायला लागली. ती एरवी रडकी नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. डबा न घेता. काका टेबलाशी बसले होते, दुसऱ्या कुणाचा तरी फॉर्म पुढ्यात होता. मी उभ्यानंच म्हटलं, “काका, काकू इथे राहत नाहीत.”

सहा वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नसावं. काकांनी टोपी काढली. टोपीशिवाय मी त्यांना हिवाळ्यात पहिल्यांदाच बघत होते, केस अगदीच विरळ झाले होते.

“तिचा दवाखाना आहे ना तिकडे,” ते म्हणाले.

“दवाखाना आहे, आणि त्या परत येणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे. पोरीलाही माहीत आहे. एक खूण करायची आहे काका, काय बिघडतं?”

“तुला काय वाटते, मी खोटं बोलतो?”

मी खुर्ची ओढून बसले.

“मंडळात मी काहीबाही बोलतो. ते खोटं असेल. बोलण्याचं काय आहे, बोललेलं हवेत जाते. पण फॉर्मावर मी आजपर्यंत एक शब्द खोटा लिहिला नाही. खाली सही असते. फॉर्मावर लिहिलं, की ते खरं होते, बाप्पा.” मग म्हणाले, “उद्या लिहितो.”

ते उद्या काही उजाडलं नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ते दुसऱ्यांच्या फॉर्मांत बुडाले होते. एप्रिलच्या मध्याला त्यांनी गावातल्या साऱ्या मराठी माणसांना त्यांच्या त्यांच्या सवलती मिळवून दिल्या, टेबल पुसलं, त्यावर जेवणाची ताटं मांडली, आणि महिनाअखेर निघून गेली. हे इतकं साधेपणानं झालं, की घडलंय हे मला मे महिन्यात मिताली तिचं सामान गाडीत भरून घरी आली तेव्हाच कळलं. उशी, दिवा, पुस्तकांचे दोन खोके. ऑगस्टमध्ये तिच्या मैत्रिणी परत कॉलेजला गेल्या आणि ती मॉलमधल्या एका दुकानात परत आलेले कपडे घडी घालून ठेवायच्या काउंटरवर उभी राहिली. बापाशी ती बोलायची, पण इंग्रजीतून, आणि दोन-दोन शब्द. एकाच घरात एक केशरी एप्रन, एक काळा. काकांना मी त्या दिवसांत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिकलेल्या माणसानं एवढी मूर्खपणाची गोष्ट करावी, याचा मला संताप आला होता आणि अजूनही येतो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, “ये ना जरा.” गेले तर टेबलावर दोन कागद. एक कॉलेजचा, जानेवारीच्या सत्राची मदत मागायचा, एक पुढच्या वर्षीच्या टॅक्सचा कोरा फॉर्म, जो अजून छापूनही आला नव्हता, म्हणून गेल्या वर्षीचाच घेतला होता. मिताली जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती.

“हे पाह्य,” काका म्हणाले. “ही जानेवारीत कॉलेजला गेली नाही, तर पुढच्या वर्षी शिकणारी नाही. शिकणारी नाही, तर माझ्या फॉर्मावर हिचं नाव नाही. मी काल रात्रभर वाचलं. दुसरा रस्ता नाही त्याच्यात. हिचं लिहायचं असेल तर तिचं लिहिता येत नाही.” त्यांनी दोन्ही वेळा बोट नुसतं कागदाकडे दाखवलं, पण कोणती ‘ही’ आणि कोणती ‘ती’, ते आम्हा दोघींनाही कळलं. “पण तिला न विचारता लिहिणं बरोबर नाही.”

असं म्हणून त्यांनी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले, आणि फोन स्पीकरवर टाकला. तिकडे संध्याकाळ होती. दवाखान्यातला गलका ऐकू येत होता, कुणाचं तरी मूल किंचाळत होतं. “हॅलो,” काकू म्हणाल्या. मी ईडन प्रेरीला आले त्याआधीच त्या गेल्या होत्या, त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“मी बोलतो. कामात आहेस का?”

“पेशंट आहेत. बोला.”

“काही नाही, ते मितूच्या कॉलेजचा फॉर्म आहे. त्याच्यावर आपण वेगळे राहतो असं लिहावं लागते. फक्त फॉर्मापुरतं. तर म्हटलं तुला विचारावं. लिहू का?”

तिकडे मूल अजून किंचाळत होतं. मग काकू म्हणाल्या, “अहो, तुम्ही अजून लिहिलं नव्हतं?”

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, आणि ते फार वाईट होतं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं कधीच लिहिलं असेल. पोरीचं कॉलेज सुटलं ते त्याच्यापायी?” काकांनी पेनाचं टोपण काढलं. “लिहा,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “खोकला कसा आहे?”

“बरा आहे,” काका म्हणाले. त्यांना खोकला नव्हताच. बहुधा सहा वर्षांपूर्वी असावा.

फोन ठेवल्यावर त्यांनी खूण केली, तारीख घातली, सही केली. मितालीनं उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, “बाबा, मी पोस्टात टाकून येते.” ती गाडी घेऊन गेल्यावर काका मला म्हणाले, “तू पण जा आता.” मी गेले. थांबायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जानेवारीत मिताली कॉलेजला परत गेली. एक सत्र वाया गेलं ते गेलंच, त्या मैत्रिणीही पुढे निघून गेल्या. त्या फेब्रुवारीत काकांनी स्वतःला कुटुंबप्रमुख लिहिलं. त्या रकान्यात मुलीचं नाव लिहायला जागा असते, बायकोचं नसते. मागच्या तीन वर्षांचे फॉर्म दुरुस्त करून जास्तीचे भरलेले पैसे परत मागता आले असते, त्यांनी मागितले नाहीत. मंडळात कुणी सवयीनं “काकू काय म्हणतात?” विचारलं, तर ते सरळ सांगायला लागले, “आम्ही वेगळे राहतो.” आणि समोरचा माणूस कसनुसा झाला की त्यालाच धीर द्यायचे, “तुला माहीत नसेल. सांगितलं नव्हतं मी.” पुडाची वडी पुढे कधी आली नाही. तशी ती वडी भिकार होती, पण त्यांनी ती आणणं बंद करावं असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं.

पुढे आम्ही मिनेसोटा सोडून फ्रीमाँटला आलो. मिताली पास होऊन चँडलरला नोकरीला लागली, संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत. आमचा फॉर्म अजून काकाच बघतात, फोनवरून, आणि डब्याची फी उधार राहिली आहे म्हणून कुरकुरतात. यंदाच्या, म्हणजे दोन हजार आठच्या फेब्रुवारीत बोलणं झालं तेव्हा आमचं सगळं भरून झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही.

“माझ्याच फॉर्मात यंदा एक घोळ आहे,” ते म्हणाले. “मितू आता कमावती झाली. तिचा फॉर्म वेगळा. माझ्या घरात आता कुणी शिकणारं नाही, म्हणजे मी कुटुंबप्रमुख नाही.”

“मग काय लिहायचं?”

“तेच तर पाहून राहिलो. सिंगल लिहिता येत नाही, घटस्फोट कुठं झाला? तो सहा महिन्यांचा नियम लेकरू घरी असेल त्यांनाच लागू. मी तीनदा वाचला. माझ्यासारख्याला एकच रकाना उरते.” मग अगदी हळू, एखादी चोरटी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, “मॅरीड. हिचं नाव परत लिहावं लागते. हे माझ्या मनचं नाही, कायदाच आहे तसा.”

कर किती जास्त पडेल ते मी विचारलं नाही. “लिहा काका,” मी म्हटलं.

“लिहितो. तिचा सोशल सिक्युरिटीचा नंबर पण लागते,” ते म्हणाले, “पण तो मला पाठ आहे.” आणि मी न विचारताच त्यांनी तो नऊ आकडी नंबर, कुठेही न अडखळता, मला सबंध म्हणून दाखवला.